पाना पाहावा घेऊन!

मोबाइल घ्यायचा म्हटलं की आपण काय काय करतो! पंधरा दिवस रिव्ह्यू वाचतो, तीन मित्रांना पिडतो, सेल कधी लागणार याची वाट बघतो. बूट घेताना सोल वाकवून बघतो. कॉफी मशीन घेतानाही ‘किती बारचं?’ असं ऐटीत विचारतो. आणि पाना? पाना म्हणजे बाइकच्या सीटखाली रेक्झिनच्या थैलीत गुंडाळलेली ती कळकट वस्तू. कंपनीनं दिलीय म्हणून आहे. नाहीतर मग फुटपाथवर चादरीवर मांडलेला चकचकीत सेट. ‘दोनशेला घ्या मॅडम, लाइफटाइम चालेल!’ कोणाची लाइफटाइम, ते मात्र तो सांगत नाही.

हल्ली आमच्या ऑफिसात निम्म्या जणांना गाडीचा नाद लागलाय. शनिवारी पहाटे माळशेज, रविवारी लोणावळा. चेन स्वतः टाइट करायची, ऑइल स्वतः बदलायचं. दिवसभर एक्सेलमध्ये डोकं घालून बसणाऱ्याला हात काळे करण्यातली मजा वेगळी सांगायला नको. मी स्वतः गेली चार वर्षं माझी दीडशे सीसीची बाइक ठाण्याला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्येच उघडते. एवढ्या दिवसांत एक गोष्ट पक्की कळलीय. चांगल्या हत्यारांसाठी मोठं पॅकेज लागत नाही, लागते ती यादी. बजेट कमी आहे ना? मग स्वस्त पाने घ्यायचे नाहीत, कमी पाने घ्यायचे. सगळा फण्डा एवढाच आहे.

पाना वाचतो, नट मरतो

स्वस्त हत्यारानं नुकसान काय होणार? मोडलं तर दुसरं घेऊ, असं आपल्याला वाटतं. गंमत अशी की वाईट पाना सहसा मोडतच नाही. तो नट मारतो.

आमच्या टीममधल्या एका मित्राचं उदाहरण घ्या. नाणेघाटाच्या वाटेवर त्याची चेन सैल पडली. साधं काम. मागच्या चाकाच्या ॲक्सलचा नट सैल करायचा, चाक जरा मागे ओढायचं, नट परत आवळायचा. पठ्ठ्याकडे ऑनलाइन मागवलेला चाळीस पीसचा सेटही होता. त्यानं पाना लावला, जोर दिला, पान्याचं तोंड जरासं फाकलं आणि नटावरून सटकलं. परत लावला, परत सटकला. मग त्यानं पक्कड लावली. दहा मिनिटांत सहा कोपऱ्यांचा नट लाडवासारखा गोल! टेम्पोत घालून गाडी गॅरेजला नेली. तिथल्या काकांनी छिन्नी-हातोडीनं नट फोडून काढला, त्यात ॲक्सलचे आटेही गेले. नवा ॲक्सल, नवा नट, मजुरी, टेम्पोचं भाडं... सेट चारशेचा आणि खर्च अडीच हजारांचा. वर रविवार बुडाला तो वेगळाच.

असं का होतं? नटाला सहा बाजू आणि सहा कोपरे. तोंड उघडं असलेला फिक्स पाना त्यातल्या दोनच बाजू धरतो. रिंग पाना आणि गोटी नटाला चारी बाजूंनी कवेत घेतात, त्यामुळे जोर सगळीकडे वाटला जातो. पाना मऊ लोखंडाचा असेल किंवा माप जरा ढिलं असेल, तर सगळा जोर कोपऱ्याच्या टोकावर येतो. मग टोक झिजतं आणि पाना घसरतो. एकदा कोपरा गेला की पुढे चांगला पानाही हात टेकतो.

त्याहून नाजूक दुखणं म्हणजे ऑइलचा ड्रेन बोल्ट. बोल्ट पोलादाचा आणि इंजिनाचं खोकं ॲल्युमिनियमचं. भांडण झालं तर हरणार कोण हे ठरलेलंच आहे. बोल्ट जास्त आवळला की ॲल्युमिनियमचे आटे निघून येतात. म्हणूनच पान्यावरचे पन्नास-शंभर रुपये वाचवताना आपण नेमकं काय पणाला लावतोय, ते आधी बघायला हवं. पाना काही शेकड्यांचा असतो. तो ज्याला लावतो ती गाडी लाखाची असते!

आधी गाडी मोजा, मग बाजारात जा

एका रविवारी कागद-पेन घेऊन गाडीशेजारी बसा. कुठल्या कामाला कुठलं माप लागतं ते लिहून काढा. बॅटरी, चेन, ब्रेक, प्लग, ऑइल आणि आरसा. बस्स! गाडीच्या मॅन्युअलमधला मेण्टेनन्सचा भागही सोबत ठेवा.

जपानी वळणाच्या बाइकवर साधारण ८, १०, १२, १४ आणि १७ एवढ्या मापांत बहुतेक कामं उरकतात. वर ॲक्सलच्या नटासाठी एखादं मोठं माप लागतं, ते गाडीगणिक बदलतं, म्हणून मोजूनच घ्यायचं. आता यातलं एक गुपित सांगते. पान्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा नसतो, डोक्याच्या रुंदीचा असतो. ६ मिलिमीटर जाडीच्या बोल्टला १० चा पाना लागतो. ८ मिलिमीटरच्या बोल्टला जपानी पद्धतीत १२ चा, तर आंतरराष्ट्रीय मापात १३ चा. १० च्या बोल्टला जपानी पद्धतीत १४ आणि आंतरराष्ट्रीय मापात १६. एकाच्या गाडीला १२ चा पाना रोज लागतो आणि दुसऱ्याच्या गाडीला १३ शिवाय पान हलत नाही, ते यामुळे. मित्राची यादी कॉपी करू नका. गाडी तुमची, यादीही तुमचीच!

ही यादी हातात आली की त्या १०८ पीसच्या झगमगीत पेटीची हवाच निघून जाते. पेटी उघडून मोजून बघा. त्यातले कितीतरी पीस म्हणजे स्क्रू ड्रायव्हरचे बारके बिट. बऱ्याच गोट्या इंची मापाच्या, ज्या तुमच्या गाडीला जन्मात लागणार नाहीत. उरल्या त्यातल्या तुमच्या कामाच्या असतील दहा-बारा. आपण पैसे मोजतो १०८ चे आणि वापरतो बारा. जिमची वर्षाची मेंबरशिप घेऊन जानेवारीतच जाणं बंद करण्यातला हा प्रकार!

‘सेट नको शेठ, सुटे द्या’

मुंबईत हत्यारं घ्यायची तर नागदेवी स्ट्रीट. मस्जिद स्टेशनला उतरायचं आणि क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला चालत सुटायचं. हातगाड्या, हमाल, डोक्यावरून जाणारे पाइप... आणि दोन्ही बाजूंना फक्त हत्यारं, बेअरिंग, नट-बोल्ट. पुण्यात हीच मजा रविवार पेठेतल्या बोहरी आळीत. मॉलमध्ये जाण्यापेक्षा इथली एक चक्कर जास्त शिकवते.

पहिल्यांदा गेले तेव्हा काउंटरवरच्या शेठनी माझ्याकडे एकदा आणि माझ्या मागे एकदा बघितलं. मागे कोणी पुरुष उभा आहे का ते!

‘बोला बेन, घरासाठी पाहिजे? खिळा-हातोडी?’

‘नाही शेठ, बाइकसाठी. कॉम्बिनेशन पाने द्या. आठ, दहा, बारा, चौदा, सतरा.’

‘पूर्ण सेट घेऊन जा ना. सोळा पीस, मस्त बॉक्समध्ये.’

‘सेट नको शेठ, सुटे द्या. आणि सहा पॉइंटच्या गोट्या दाखवा. बारा पॉइंटच्या नकोत.’

शेठ क्षणभर थांबले. मग पोऱ्याला म्हणाले, ‘वरचा माल काढ.’

हा ‘वरचा माल’ शब्द लक्षात ठेवा. एकाच दुकानात तीन दर्जाचा माल असतो आणि कुठला बाहेर काढायचा ते तुमच्या पहिल्या वाक्यावर ठरतं. त्यांना तुमच्याविषयी आकस नसतो, हा धंद्याचा अंदाज असतो. माप आणि शब्द नीट माहीत असलेल्या गिऱ्हाइकाला कोणी सहसा खेळवत नाही, मग ते गिऱ्हाईक कुर्त्यात असो की फॉर्मल्समध्ये. मुलींनो, तुम्हाला तर खास सांगते. ‘भावाला घेऊन ये’ म्हणणाऱ्यांवर आवाज चढवायची गरज नाही. ‘सहा पॉइंटची गोटी’ एवढं म्हणा, पुढचं संभाषण आपोआप सरळ होतं.

बाय द वे, सहा पॉइंटच का? या गोटीच्या आतही सहाच कोपरे असतात, त्यामुळे ती नटाच्या बाजूंना सपाट टेकते. बारा पॉइंटची गोटी अडचणीच्या जागी पटकन बसते, पण कोपऱ्याच्या जवळ धरते. गंजलेला किंवा थोडा झिजलेला नट असेल तर सहा पॉइंटवालीच वाचवते.

चकाकतं ते क्रोम!

सगळ्या पान्यांवर ‘क्रोम व्हॅनेडियम’ असं छापलेलं असतं. हे पोलाद खरंच चांगलं. क्रोमियम आणि व्हॅनेडियम मिसळलेलं, कडक आणि तरीही ठिसूळ नसलेलं. पण छापायला काय, कोणीही छापतं. आणि वरची चकाकी म्हणजे क्रोमचा मुलामा. तो गंजापासून वाचवतो. आतलं लोखंड मऊ असेल तर मुलामा काय करणार? तेव्हा डोळ्यांनी दिपून जायचं नाही, हातानं बघायचं.

माझी युक्ती अगदी सोपी. हार्डवेअरच्या दुकानातून हव्या त्या मापाचे नवेकोरे नट-बोल्ट घ्यायचे. पाच-दहा रुपयांचा मामला. ते खिशात टाकून हत्याराच्या दुकानात जायचं. पाना बोल्टवर बसवून हलवून बघायचा. सहज बसला पाहिजे, पण डुगडुगता कामा नये. खडखड वाजला की सरळ परत द्यायचा. एकाच ब्रॅण्डचे दोन नग घेतले तरी फरक कळतो.

मग बाकीच्या गोष्टी. पान्याच्या तोंडाच्या दोन्ही बाजू समांतर आहेत का? रिंगची भिंत सगळीकडून सारखी जाड आहे का? गोटीचं भोक बरोबर मध्यावर आहे का? कडा बोटाला लागतात का? माप आणि नाव धातूत खोलवर उमटलंय की नुसतं स्टिकर आहे? ‘ड्रॉप फोर्ज्ड’ म्हणजे तापवलेलं पोलाद साच्यात घणाखाली ठोकून घडवलेलं. पत्रा कापून बनवलेल्या पान्यापेक्षा ते कितीतरी दणकट असतं.

पक्कड मिटून उजेडासमोर धरा. कापायच्या धारांमधून उजेडाची रेघ दिसली तर ती ठेवून द्या. खिशातला कागद कापून बघा. चांगली पक्कड कागदही स्वच्छ कापते. सांध्यात खेळ नको, पण उघडायला मनगटही दुखता कामा नये.

रॅचेट घेताना कानाजवळ फिरवा. आतल्या चाकाला २४ दाते असतील तर दर खेपेला हात निदान १५ अंश फिरवावा लागतो. ७२ दाते असतील तर ५ अंशांत काम होतं. बाइकच्या इंजिनात हात फिरवायला जागा किती असते ते तुम्हाला माहीतच आहे.

स्क्रूची जपानी भानगड

‘स्टार’ स्क्रू ड्रायव्हर म्हणून जो आपण ओळखतो, तो फिलिप्स. हेन्री फिलिप्स या अमेरिकन माणसाच्या नावावरून. १९३६ साली त्याला या स्क्रूची पेटंट मिळाली. पण जपानी पद्धतीच्या गाड्यांवर जो अधिक चिन्हाचा स्क्रू असतो, तो दिसायला तसाच आणि खाचेच्या घडणीत जरा वेगळा. त्यात फिलिप्स पूर्ण खोल बसत नाही. जोर दिला की टोक वर चढतं आणि खाच चिरडते. कार्ब्युरेटर आणि ब्रेक फ्लुइडच्या टाकीवरचे चिरडलेले स्क्रू बघितलेत ना? त्यातल्या अनेकांची कहाणी हीच.

ओळखायचं कसं? अशा काही स्क्रूंच्या डोक्यावर खाचेशेजारी एक बारीक ठिपका असतो. दुकानात ‘जेआयएस टोकाचा’ असं म्हणून मागा. हा ड्रायव्हर साध्या फिलिप्स स्क्रूलाही चालतो, म्हणजे एकात दोन्ही कामं. मला तो साडेचारशेला पडला आणि माझ्या यादीतली ती सगळ्यात सार्थकी लागलेली खरेदी आहे.

नाशिकचा माल, जालंधरचा माल

ब्रॅण्ड कुठला घ्यायचा, हा सगळ्यांचा लाडका प्रश्न. चांगली बातमी अशी की दर्जेदार हत्यारासाठी इम्पोर्टेडच घ्यायला हवं असं अजिबात नाही. आपल्या नाशिकचंच घ्या. तिथल्या टापारियानं १९६९ मध्ये एका स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्यानं हत्यारं बनवायला सुरुवात केली. आज कुठल्याही गॅरेजमध्ये जा, ड्रॉवरमध्ये टापारियाची पक्कड असतेच. पंजाबातली जालंधर आणि लुधियाना ही तर हत्यारांचीच शहरं. तिथला बराच माल परदेशी कंपन्यांच्या नावानं जगभर विकला जातो.

परदेशी नावांचाही आपला रुबाब आहे. अमेरिकेची स्टॅनले १८४३ पासूनची. जर्मनीची गेडोरे म्हणजे रेमशाइड गावच्या डोविडाट बंधूंच्या नावातली आद्याक्षरं. आणि ज्या ॲडजस्टेबल पान्यावर आपण सर्रास भिस्त ठेवतो, त्याचं पेटंट १८९२ सालचं, स्वीडनच्या योहान पेटर योहान्सन यांचं. पण रुबाबाचे पैसे आपल्या बजेटमधून जाणार असतील तर जरा थांबा. रोज दहा तास हत्यार चालवणाऱ्या मेकॅनिकची गरज वेगळी आणि महिन्यातून दोन रविवार पाना धरणाऱ्या आपली गरज वेगळी. आपल्याला मधला दर्जा पुरतो, खालचा पुरत नाही.

जाता जाता ॲडजस्टेबलबद्दल. ‘एकच पाना सगळ्या मापांना’ ही आयडिया जाम मोहात पाडते. पण त्याचा सरकता जबडा थोडा डुगडुगतोच. नळाच्या कामाला ठीक, गाडीच्या नटाला शेवटचा पर्याय.

जुनं ते सोनं... कधी कधी

पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार. इथे सेकंडहॅण्ड हत्यारं मिळतात आणि त्यात कधी कधी भन्नाट सोनं सापडतं. नियम साधा. ज्यात हलणारे भाग नाहीत ते जुनं घ्यावं, हलणारे भाग असतील तर नवं. जुना रिंग पाना, जुनी हातोडी बिनधास्त घ्या. वरचा गंज चालतो, तडा चालत नाही. पान्याचं तोंड मात्र त्याच खिशातल्या बोल्टवर तपासायचं. जुनं रॅचेट, जुना टॉर्क रेंच, धार गेलेली पक्कड यांना लांबून नमस्कार.

ऑनलाइन घेताना भाव बाजारापेक्षा फारच कमी दिसला तर सावध. नावाजलेल्या ब्रॅण्डचा डुप्लिकेट माल हा जुना धंदा आहे. विकणारा कोण ते बघा आणि बिल ठेवा. दुकानातही पक्कं बिल मागा. आणि हो, हत्यारांच्या बाजारात छापील किंमत हा अंतिम शब्द नसतो. घासाघीस न करता नुसतं ‘नेट काय पडेल शेठ?’ विचारलं तरी आकडा खाली येतो.

तीन पगारांचा हिशेब

एकदम सगळं घ्यायचं नाही. मी तीन पगारांत घेतलं, हप्ते न भरता. भाव दुकानागणिक बदलतात, पण अंदाज यावा म्हणून माझा हिशेब देते.

पहिला पगार : यादीतले पाच कॉम्बिनेशन पाने, ॲक्सलच्या मापाचा एक मोठा रिंग पाना, आठ इंची पक्कड, जपानी टोकाचा स्क्रू ड्रायव्हर आणि एलन कीचा सेट. साधारण १,९०० रुपये. एवढ्यात चेन, बॅटरी, आरसे आणि केबल ही कामं होतात.

दुसरा पगार : तीन-अष्टमांश इंची चौकोनाचं रॅचेट, एक एक्स्टेन्शन, यादीतल्या मापांच्या सहा पॉइंट गोट्या आणि स्पार्क प्लगची लांब गोटी. साधारण २,००० रुपये. पाव इंची चौकोन नाजूक कामाचा आणि अर्धा इंची कारच्या चाकांचा. बाइकला मधला बेस्ट.

तिसरा पगार : टॉर्क रेंच. साधारण ३,००० रुपये. ही चैन नाही बरं का! ६ मिलिमीटरच्या साध्या बोल्टला साधारण १० न्यूटन मीटर पुरतात. पंधरा सेंटिमीटरच्या दांड्यावर ते म्हणजे जेमतेम सात किलोचा जोर. आपण सवयीनं त्याच्या दुप्पट लावतो आणि आटे घालवतो. लहान मापाचा पाना आखूड का असतो? आपला हात आवरावा म्हणून! टॉर्क रेंच ठरल्या आकड्याला ‘टक’ करतो आणि सांगतो, बस्स कर बाई. घेताना आपल्या कामाचा आकडा स्केलच्या मध्यावर येईल असा घ्या, अगदी खालच्या टोकाला त्याचा भरवसा कमी. आणि नट सैल करायला तो वापरायचा नाही.

एकूण सात हजारांच्या आत. एका बऱ्या हेडफोनची किंमत. फरक एवढाच की हेडफोन दोन वर्षांत जुना होतो आणि १० चा पाना वीस वर्षांनीही १० चाच असतो.

हात कुठे आखडायचा?

पेटीवर पैसे घालवू नका. माझे पाने जुन्या जीन्सच्या गुंडाळीत असतात, शेजारच्या टेलरकाकांनी खण शिवून दिले. नट-बोल्ट ठेवायला स्टीलची जुनी ताटली. चेन साफ करायला जुना टूथब्रश. हातोडी, कानस, फनेल मधल्या दर्जाचे चालतात.

हात आखडायचा नाही तो नटाला, बोल्टला, स्क्रूला थेट भिडणाऱ्या हत्यारांवर. एलन की विशेष करून. मऊ एलन की पिळवटते आणि बोल्टची खाच गोल करते. तो बोल्ट मग ड्रिल मारूनच काढावा लागतो.

आणि जिवाशी खेळ अजिबात नको. नुसत्या जॅकवर उचललेल्या कारखाली जायचं नाही, खाली मजबूत स्टॅण्ड लावल्याशिवाय तर नाहीच. पक्कडीच्या मुठीवरचं रंगीत प्लॅस्टिक म्हणजे विजेपासून संरक्षण नव्हे, त्यासाठी १००० व्होल्टची खूण असलेली खास हत्यारं येतात. इलेक्ट्रिक कार असेल तर नारिंगी केबलला हात लावायचा नाही. ते काम कंपनीच्या माणसाचं.

चटकन चेकलिस्ट

• बाजारात जाताना : मापांची यादी, खिशात नवे नट-बोल्ट, डोक्यात बजेट.
• आधी रिंग किंवा गोटी, नाइलाज असेल तर फिक्स पाना.
• पाना शक्यतो आपल्याकडे ओढायचा, ढकलायचा नाही. सटकला तर बोटांची सालं जातात.
• पान्याच्या दांड्याला पाइप लावून जोर वाढवायचा नाही. अडकलेल्या नटावर गंज सोडवणारं तेल मारा आणि चहा पिऊन या.
• हाताच्या चकचकीत गोट्या मशिनच्या गनला लावायच्या नाहीत, त्या तडकू शकतात.
• काम झालं की तेलाच्या फडक्यानं पुसून ठेवा. पावसाळ्यात बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी सोबत टाका.
• टॉर्क रेंच ठेवताना स्केल सगळ्यात खालच्या आकड्यावर आणा, शून्याच्याही खाली सैल करू नका.

आता कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? गॅरेजवाले काका आहेत की! आहेतच, आणि मीही जाते त्यांच्याकडे. इंजिन उघडायचं, क्लच बदलायचा तर त्यांच्याशिवाय कोण? पण हल्ली मी गेले की ‘गाडी काहीतरी आवाज करतेय’ असं सांगत नाही. ‘काका, चेन बघितली, बरोबर आहे. पुढच्या चाकाचं बेअरिंग वाटतंय’ असं सांगते. तेही मग फक्त बेअरिंगच बघतात आणि बिलही बेअरिंगचंच होतं. हत्यारांनी वाचवलेले हे पैसे कुठल्या हिशेबात धरायचे?

तेव्हा मंडळी, पुढचा पगार झाला की सेल-बिल विसरा. गाडीशेजारी बसा, मापं लिहा आणि सुरुवात एकाच पान्यानं करा. बहुतेक १० चा लागेल. पण आधी मोजा!